रुतीच्या गळ्यातली घंटा

नीलाबाईची रुती बहिरी आहे हे घरात सगळ्यात शेवटी कळलं ते तिच्या आजीला, आणि कळल्यावरही आजीनं ते मान्य असं कधी केलंच नाही. कोंबडा उशाशी येऊन आरवला तरी पोर ढाराढूर झोपलेली. पाठीमागं पितळी पडली तरी तिची मान वळायची नाही. पोर रांगत होती तेव्हाच नीलाबाईला हे उमगलं होतं. सासू कलाबाई मात्र म्हणायची, "आयकते ते. मनावर घेत नाई. बापावर गेली."

बाप म्हणजे मुखरू. दिवाळी झाली की तो लाकूडकटाईच्या कूपावर जायचा आणि उन्हाळा तापल्यावरच परतायचा, त्यामुळे या आरोपावर त्याचं म्हणणं काय ते कुणाला कधी कळलं नाही.

चांदा जिल्ह्यात धानोऱ्याच्या पलीकडं, जंगलाच्या पोटात हे गाव. राज्य तेव्हा अजून मध्यप्रदेशचं होतं. गावाच्या टोकाला ख्रिस्ती लोकांची मोजकी घरं, आणि त्यांतलं पहिलं घर कलाबाईचं. तरुणपणी नवरा-बायकोनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिनं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. तेव्हापासून तिचे भाऊ तिच्या हातचं पाणी पीत नव्हते. नवरा गेला तेव्हा मातीलाही आले नाहीत. एवढी किंमत देऊन घेतलेली वस्तू माणूस जिवापाड जपतो, आणि कलाबाईनं आपला विश्वास तसाच जपला होता. कुणाच्या दंडाला दोरा दिसला की ती विचारायची, "हा कायचा?" उत्तर पटलं नाही तर विळा आणायला उठायची.

पोर ऐकते असं तोंडानं म्हणत असली तरी रोज संध्याकाळी दिवा लागला की ती नातीला पुढ्यात बसवायची. प्रभूनं एका बहिऱ्याच्या कानात बोटं घालून त्याचे कान उघडले, ही गोष्ट तिनं ऐकलेली. तशीच ती आपली दोन बोटं रुतीच्या कानात घालायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "मोकळे व्हा." पोरीला वाटायचं हा खेळ आहे. तीही आपली चिमुकली बोटं आजीच्या कानात खुपसायची आणि खिदळायची. कलाबाई चिडून तिचे हात खाली करायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची. सात वर्षांत तिनं एक संध्याकाळ चुकवली नव्हती. नीलाबाई चुलीपाशी बसून हे बघायची. तिला सासूचा राग यायचा आणि त्याच वेळी तिच्या पाया पडावंसंही वाटायचं.

घंटेची गोष्ट आदल्या वर्षीची. टेंभरं वेचायला नेलेली रुती रानात हरवली. अख्खं गाव "रुते, रुते" करत रान पालथं घालत होतं, आणि इतवारीला ती सापडली नाल्याच्या वाळूत खेळताना. इतवारी गोंड, गावची ढोरं राखणारा म्हातारा. त्यानं पोरीला खांद्यावरून आणून दारात उतरवलं आणि नीलाबाईला म्हणाला, "ढोर हरवलं तं आपण ढोराले हाका मारत नाई, बाई. आपण आयकतो." चार दिवसांनी त्यानं शिवणीच्या लाकडाची एक लहानशी घंटा कोरून आणली. गायीच्या गळ्यात असते तशीच, आत दोन लाकडी लोळ्या. पोर चालली की टक-टक वाजायची.

त्या दिवसापासून नीलाबाईचा जीव भांड्यात पडला. ती धान कांडत असो की पाणी भरत असो, कान घंटेकडं असायचा. टक-टक जवळ आली, लांब गेली, थांबली. पोर कुठं आहे ते तिला न बघता कळायचं. रुतीला तो आवाज जन्मात ऐकू येणार नव्हता. घंटा खरं तर आईसाठीच होती.

सासूला तिनं ढोराची घंटा एवढंच सांगितलं होतं, पण एक गोष्ट पोटात ठेवली होती. घंटा बांधायच्या आधी इतवारी ती घेऊन गावाबाहेरच्या राईत गेला होता. तिथं त्याच्या लोकांचं पेनठाणं होतं, त्यांच्या देवाचं ठिकाण. पाणी आणायला जाताना नीलाबाईनं पाहिलं, त्यानं घंटा तिथल्या दगडाला टेकवली, काहीतरी पुटपुटला आणि मग घेऊन आला. गायीची घंटाही तो तशीच टेकवायचा. त्याच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं.

घंटा बांधली त्याच्या पुढच्या वर्षी ईस्टरला पाळक गुणवंतराव, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, प्रभुभोजन द्यायला येणार होते. वर्षातून दोनदाच ते या गावी यायचे, सायकलवर, पिशवीत प्रभूच्या भाकरीसाठी गव्हाचं पीठ आणि प्याल्यातल्या रसासाठी मनुका घेऊन. माणूस वाईट नव्हता. आदल्या साली शेजारच्या गावातली दोन घरं ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या वाटेला गेली होती, आणि त्याबद्दल गुणवंतरावांना वरच्यांची बोलणी खावी लागली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनाघरात बसून ते एकेकाला विचारत होते, कुणाशी वैर आहे का, काही लपवलं आहे का. रविवारी भाकर घ्यायची तर मन साफ हवं.

रुतीला घेऊन बसलेल्या नीलाबाईची पाळी आली तेव्हा तिच्याआधी कलाबाईच बोलली. "मास्तर, पोरीच्या गळ्यातलं पाहून घ्या एकडाव. राईत अशाच घंट्या टांगल्या रायतात."

नीलाबाईनं सासूकडं पाहिलं. कलाबाई समोर भिंतीकडं बघत होती.

"देवाची आहे का ही?" गुणवंतरावांनी विचारलं.

"ढोराची आहे. इतवारीभाऊनं करून देल्ली. लेकरू हरवू नये म्हणून."

"राईतून आणली का?"

इथं नीलाबाईला खोटं बोलता आलं असतं. घंटा राईतून आणलेली नव्हतीच. पण रविवारी ज्या भाकरीला हात लावायचा तिच्यासमोर अर्धं सत्य ठेवायला तिची जीभ उचलेना. "त्यानं ते दगडाले टेकवली होती," ती म्हणाली. "म्या पाह्यलं."

कलाबाईच्या तोंडून 'हं' असा आवाज निघाला. गुणवंतरावांनी पोरीच्या गळ्यातली घंटा बोटानं उचलून पाहिली. "काढून टाका, नीलाबाई. नाल्यात सोडून द्या. पोरीच्या गळ्यात ती ठेवून मला तुम्हाला भाकर देता येणार नाही."

"अन् पोरगी हरवली तं?"

"प्रभू राखील. विश्वास उणा पडतो, म्हणून घंटा लागते."

हे वाक्य नीलाबाईच्या काळजात रुतलं. सात वर्षं तिनं या पोरीला हातांनी बोलायला शिकवलं, तळहात खाली म्हणजे बस, मूठ छातीला म्हणजे आई. लोक पोरीला मुकी म्हणाले, मागच्या जन्माचं पाप म्हणाले, तेव्हा ती एकच म्हणायची, देवानं देल्ली, देवाची आहे. आणि विश्वास तिचाच उणा. तिनं तिथंच दोरीची गाठ सोडली आणि घंटा पदरात बांधली. रुतीनं गळा चाचपला, आईकडं पाहिलं आणि मूठ छातीला लावली. नीलाबाईनं तोंड फिरवलं.

नाल्यापर्यंत मात्र ती गेली नाही. उद्या टाकू, असं म्हणून तिनं घंटा मोहफुलांच्या टोपल्यात तळाशी ठेवली.

दुसरा दिवस उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. भक्ती दुपारी होती, आणि मोह काही भक्तीसाठी थांबत नाही. फुलं रात्रभर गळतात. उजाडताच वेचली नाहीत तर उन्हानं सुकतात, नाहीतर हरणं आणि अस्वलं खाऊन जातात. ख्रिस्ती घरांनी दारू गाळणं सोडलं होतं, पण फुलं भाजून खायची आणि उरलेली बाजारात विकायची यावरच वैशाख निघायचा. फटफटताच नीलाबाई, कलाबाई आणि रुती आपल्या झाडांपाशी पोचल्या. फुलं दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा आधीच जाळून जमीन काळी केली होती, आणि त्या काळ्यावर पिवळट फुलांचा सडा पडला होता.

"आत्याबाई, तुम्ही पोरीपाशीच बसा," नीलाबाई म्हणाली. रात्रीपासून ती सासूशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "नजर हालवू नका."

"मले सांगतं का," कलाबाई म्हणाली आणि नातीचा हात धरून बुंध्याशी बसली.

नीलाबाई वेचायला लागली. ओंजळभर वेचायचं आणि मान वर करून पाहायचं. एरवी हे काम कान करायचे आणि हात मोकळे असायचे. आज टोपलं भरता भरेना. एका झाडाचं संपलं, ती दुसऱ्याखाली गेली. तिथून बुंधा अर्धाच दिसत होता. कलाबाईचं लुगडं दिसलं, तेव्हा पोरही असेल म्हणून ती वाकली.

कलाबाई त्या वेळी प्रार्थना करत होती. प्रभूच्या मरणाचा दिवस, मनात सुनेविषयी केलेल्या चहाडीचा काटा, आणि सवय तर जन्माची. डोळे मिटल्याशिवाय तिची प्रार्थना व्हायची नाही. तिनं डोळे मिटले आणि नातीचा हात सोडून दोन्ही हात जोडले. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा शेजारी कुणी नव्हतं.

"रुते! ए रुते!"

ती हाक ऐकून नीलाबाईच्या हातातली फुलं सांडली. ती धावत आली. कलाबाई उभी राहून चारी दिशांना ओरडत होती, आणि सात वर्षांत सासूनं पोरीचं बहिरेपण मानलंच नव्हतं, हे त्या ओरडण्यात नीलाबाईला लख्ख दिसलं. म्हातारीला अजून वाटत होतं की पोर ऐकेल.

"ओरडू नका," नीलाबाई दातओठ खाऊन म्हणाली. "तिले का आयकू येते? कोनाले हाका मारून राह्यल्या तुम्ही?"

कलाबाई गप्प झाली. आता रान ऐकू यायला लागलं. कुठं पाखरू, कुठं पान. नीलाबाई श्वास धरून ऐकत होती, आणि जे ऐकायचं ते तिच्याच टोपल्यात तळाशी पडलं होतं. स्वतःचे हात तोडून टाकावेत असं तिला वाटलं.

मग तिची नजर खाली गेली. जाळलेल्या राखेत चिमुकली पावलं उमटली होती, झाडाखालून झाडाखाली, फुलं वेचत गेलेली. नीलाबाईनं टोपलं कमरेला घेतलं आणि माग धरला. मागं सासू धापा टाकत येत होती. तिसऱ्या झाडाखाली त्या पावलांशेजारी दुसरी पावलं लागली. माणसाच्या पावलासारखीच, पण रुंद, आणि पुढं नखांच्या रेघा.

"अस्वल," कलाबाई पुटपुटली.

पुढं उतारावर मोहाचं एक जुनं झाड होतं. त्याच्या अलीकडं अस्वल होतं. पाठमोरं, काळंभोर, जमिनीला तोंड लावून फुलं ओढत होतं, आणि त्या ओढण्याचा फुर्र-फुर्र आवाज एवढा मोठा की लांबूनही ऐकू यावा. त्याच्या पलीकडं, बुंध्याशी, त्याच्याकडं पाठ करून रुती बसली होती आणि फ्रॉकच्या ओच्यात एकेक फूल ठेवत होती. तिला यातलं काही ऐकू येत नव्हतं. अस्वल खात खात तिच्याचकडं सरकत होतं.

कलाबाईनं तोंड उघडलं. नीलाबाईनं त्यावर हात दाबला. एकदम आवाज झाला की अस्वल बिथरतं आणि समोर येईल त्याचं तोंड फाडतं, हे त्या रानातल्या लेकरालाही ठाऊक होतं. इतवारी नेहमी सांगायचा, अस्वलाले दचकवू नये. दुरूनच कळू द्यावं का आपण येऊन राह्यलो, मंग ते आपल्या पायानं जाते. ढोरांच्या घंटा ऐकून ते रोज असंच वाट सोडायचं.

नीलाबाई चार पावलं मागं सरली. टोपल्यात हात घातला आणि फुलांखालून घंटा काढली.

हातात धरून ती क्षणभर थांबली, आणि त्या एका क्षणात तिच्या मनाची जी ओढाताण झाली ती पुढं तिनं आयुष्यभर सांगितली. प्रभू वधस्तंभावर गेला तो हा दिवस. त्याच दिवशी दगडाला टेकवलेली घंटा आपण वाजवायची, आणि पोर वाचलं तर ते कुणी वाचवलं म्हणायचं? तिनं डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी मनात म्हणाली, प्रभू, हे तुले चालत नसन तं मागाहून पाह्य. आत्ता माह्यं लेकरू दे.

तिनं घंटा हलवली. टक. थांबली. टक-टक. गाय चरत येते तशी, सावकाश. एक पाऊल, मग टक. घंटा घाईनं वाजू द्यायची नव्हती. पळती गाय म्हणजे मागं वाघ, हे अस्वलालाही कळतं. टक. टक-टक.

फुर्र-फुर्र थांबलं. अस्वलानं मान वर केली, नाक हवेत फिरवलं आणि मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. त्याची सावली पोरीच्या अंगावर पडली तशी रुतीनं वळून पाहिलं. अस्वल पाहिलं. त्याच्यापलीकडं आई पाहिली. आणि आई दिसल्यावर ती नेहमी करायची तेच तिनं केलं. आनंदानं उठली आणि आईकडं धावायला निघाली, मधल्या अस्वलाच्या अंगावरूनच म्हणा ना.

नीलाबाईनं डाव्या हाताचा तळवा खाली केला. बस. उजव्या हातात घंटा चालूच, टक-टक. तळवा आणखी खाली. बस, माय, बस. ही पोर या खुणेला दिवसातून दहा वेळा हसून पळायची. आज तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे. ती होती तिथं मटकन खाली बसली, आणि ओच्यातली फुलं सांडली.

अस्वल घंटेकडं बघत राहिलं. नीलाबाई थांबली नाही. एक पाऊल, टक. मग त्यानं पुढचे पाय जमिनीवर टेकवले, हुंकारलं, आणि बाजूला वळून उतारावरच्या झुडपांत शिरलं. झुडपं हलली, मग लांबची हलली, मग हलायची थांबली.

नीलाबाईनं पोरीला उचललं नाही, ती तिच्यावर कोसळलीच. कलाबाई मागून आली तेव्हा सून रडत होती आणि रडता रडता पोरीच्या गळ्यात घंटेची गाठ मारत होती. ती गाठ बघत म्हातारी उभी राहिली. विळा मागितला नाही. खाली बसून तिनं सांडलेली फुलं गोळा केली.

रविवारी प्रार्थनाघर भरलं. नीलाबाई पोरीला घेऊन शेवटच्या रांगेत बसली. घंटा गळ्यात होती. गुणवंतरावांना शुक्रवारची हकिगत कळली होती, कारण गावात दुसरा विषयच नव्हता. त्यांनी तिला बाजूला बोलावलं नाही, सगळ्यांसमोरच पण हळू आवाजात विचारलं, "नीलाबाई, अजून तेच?"

"हो मास्तर. दगडाले टेकवली होती, ते खोटं नाई. वाजवताना म्या प्रभूचंच नाव घेतलं, तेही खोटं नाई. घंटा मी काढत नाई. तुम्हाले भाकर देता येत नसन तं देऊ नका. माह्या मनात काही येणार नाई."

गुणवंतरावांचा चेहरा उतरला होता, पण नियम मोडायला माणसाला अंगी जी ताकद लागते ती त्या दिवशी त्यांच्याजवळ नव्हती. ते ताटली घेऊन रांगांतून निघाले. एकेकाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा पडत होता. शेवटच्या रांगेत आले, कलाबाईच्या हातावर तुकडा ठेवला, आणि शेजारच्या सुनेला ओलांडून पुढं गेले. नीलाबाईनं हात पुढं केलेच नव्हते. ते मांडीवर होते, आणि मांडीवरची पोर हलली की टक असा आवाज सगळ्या शांततेत ऐकू येत होता.

कलाबाईनं तुकडा तोंडात टाकला नाही. तिनं तो दोन बोटांत धरला आणि मोडला. तुकडाच मुळात नखाएवढा, मोडायला वेळ लागला. अर्धा तिनं सुनेच्या हातात ठेवला.

"खा," ती म्हणाली.

"आत्याबाई, मास्तर पाहून राह्यले."

"पाहू दे. चहाडी म्या केली, डोळे म्या मिटले. तुले भाकर नाई अन् मले कायची?"

गुणवंतराव ताटली धरून उभे होते. कलाबाई या मंडळीतली पहिली ख्रिस्ती. तिच्यासमोर विश्वासाच्या गोष्टी सांगायला त्या जिल्ह्यात कुणाची छाती नव्हती. त्यांनी मान खाली घातली आणि प्याला आणायला वळले. परत आले तेव्हा प्याला आधी नीलाबाईपुढं धरला.

त्या संध्याकाळी दिवा लागला. कलाबाईनं नातीला पुढ्यात बसवलं, पण बोटं उचलली नाहीत. रुती वाट बघत राहिली. मग आजी विसरली असं समजून तिनं आपलीच बोटं आजीच्या कानांत घातली आणि खिदळली. कलाबाईनं तिचे हात खाली केले नाहीत.

"हो माय," ती म्हणाली. "झाले मोकळे."